पिवळी वांगी

न्हाणीतला नळ खाकरला.

अजून उजाडायचं होतं, घर गप्प होतं, आणि त्या गप्पपणात तो आवाज एखादा पाहुणा न सांगता आत यावा तसा आला. आधी नुसती हवा, मग दोन-तीन शिंका, मग तांबूस पाण्याची पिचकारी. सोनिका पांघरूण फेकून उठली. तिघऱ्याच्या धरणाचं पाणी एक दिवसाआड सुटायचं आणि सुटलं की कुणाची वाट पाहायचं नाही.

"पिण्याचं आधी भर," आतल्या खोलीतून शांताताईंनी फर्मावलं. सासूबाईंचे डोळे मिटलेले असले तरी कान उघडे असायचे. "तुझ्या त्या कॅन मागाहून."

"हो आई."

पण तिने लावली कॅनच. पहिलं पाणी गढूळ येतं, ते माणसांना चालत नाही, झाडांना चालतं, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे सासूबाईंचा शब्दही राहायचा आणि झाडांचंही भागायचं. कॅन तेलाच्या होत्या, दौलतगंजातल्या एका हलवायाकडून मागून आणलेल्या. कितीही धुतल्या तरी हाताला त्यांचा ओशटपणा लागायचाच.

अंशुल स्कूटरला दोरी बांधत म्हणाला, "लोकांच्या बायका माहेरी जाताना एवढं सामान नेत नाहीत. आपली रोज शाळेत पाणी घेऊन जाते. मतलब, शाळेत नळ नाही?"

"आहे की. त्याला तोटी नाही अन् टाकीला पाणी नाही. बाकी सगळं आहे."

अंशुल कूलर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. श्रावणात बायकोसाठी त्याने याच स्कूटरवरून शेणखताची पोती वाहिली होती. त्यानंतर आठवडाभर गिऱ्हाइकं नाक मुरडत विचारायची, भैया, मोटार जळली की काय? तो म्हणायचा, नाही साहेब, माझी बायको शेतकरी झाली.

शाळा दाना ओली मोहल्ल्याच्या मागच्या अंगाला होती. पुढून दुमजली, आणि मागे चार भिंतींत एक मोकळी जागा. वर्षानुवर्षं तिथे मलबा साचलेला. सोनिका तिथे लहान वर्गाची मदतनीस, आणि तिची हर्षिता दुसरीत. मुख्याध्यापिका शामला मॅडमनी एकदा वर्गात विचारलं, वांगं कुठून येतं? पोरांनी सांगितलं, ठेल्यावरून. त्या दिवशी मॅडम मागच्या दारात बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग सोनिकाला म्हणाल्या, "परिसराचा तास आता इथे घ्यायचा. तू बघशील?"

सोनिका हो म्हणाली. तिने आयुष्यात तुळशीपलीकडे काही लावलेलं नव्हतं.

अडचण एकच होती. त्या जागेला मागच्या गल्लीत उघडणारं फाटक होतं, आणि शाळेच्या व्हॅन त्याच गल्लीत उभ्या राहायच्या. एकदा एका व्हॅनचा आरसा एका पोराच्या कोपराला लागला. तेव्हापासून व्यवस्थापन समितीचे दिग्विजयसिंह त्या जागेवर फरशी घालून व्हॅन आत घ्या म्हणत होते, आणि त्यांचं चूक होतं असं कुणालाच म्हणता येत नव्हतं. शामला मॅडमनी त्यांच्याकडून बालमेळ्यापर्यंत मुदत मागून घेतली. "त्या दिवशी मुलांनी पिकवलेलं मुलं रांधतील आणि पालकांना वाढतील. पानं भरली तर बाग. नाही भरली तर तुमच्या व्हॅन."

दिग्विजयसिंह मिशीत हसले होते. "मंजूर. मी स्वतः जेवायला येईन."

आषाढात पोरांनी मलबा उपसला. विटांचे तुकडे, फुटक्या कपबश्या, कुणाच्या तरी देव्हाऱ्याची पितळी घंटी. सोनिका गेंतीने कुदळीसारखे घाव घालायची आणि पोरं तसल्यांतून, लोखंडी घमेल्यांतून, ढिगारा फाटकाशी नेऊन टाकायची. तिच्या तळव्यांना फोड आले, ते फुटले, आणि भाकरी थापताना त्यांत पीठ शिरून झोंबायला लागलं. मग एक दिवस गेंतीचा आवाज बदलला. खणखण थांबली आणि घाव आत गेला. खाली काळसर, ओली, गार माती होती. आभाळ न बघितलेली. पोरांनी आधी बोटं लावली, मग अख्खे हात घातले. त्यातून एक गांडूळ वळवळत वर आलं तेव्हा अर्धी पोरं किंचाळत भिंतीवर चढली आणि बाकीची गुडघ्यांवर बसली.

"इसका मुँह किधर है?" पाचवीतल्या यशश्रीने विचारलं. यशश्री वर्गाची मॉनिटर होती. उंच आणि तोंडाने फटकळ. घरी मराठी, पण शाळेत तिची जीभ हिंदीकडे घसरायची.

सोनिकालाही माहीत नव्हतं. ते कुठल्या बाजूने मातीत शिरतं हे बघायला सगळे बसून राहिले, आणि घंटा झाली ती कुणाला ऐकूच आली नाही.

मेथी पेरली, ती माकडांनी नेली. मुळे खडकाला लागून वाकडे झाले. वांगी मात्र उभी राहिली. आश्विनात पाऊस आवरला, ऊन पुन्हा चैत्रासारखं तापायला लागलं, आणि सोनिकाच्या त्या ओशट कॅनमधल्या पाण्यावर वांग्यांना फुलं आली. जांभळी, मान खाली घातलेली, मधोमध पिवळा तुरा.

एक सकाळ तिच्या कायम लक्षात राहिली. तासाला पोरं वाफ्याभोवती बसली होती. एक काळा भुंगा आला, अंगठ्याएवढा. फुलाला उलटा लटकला, पंख मिटले आणि नुसत्या अंगाने थरथरायला लागला. त्याचा आवाज नेहमीच्या गुणगुणण्यापेक्षा वेगळा होता, वर चढलेला, तंबोऱ्याची तार कुणी पिळत न्यावी तसा. आणि त्या थरथरीबरोबर फुलातून पिवळी पूड झरझर त्याच्या पोटावर सांडली. मग तो दुसऱ्या फुलाकडे गेला. पोरांतलं कुणी हललं नाही. एकाच्या नाकावर माशी बसली होती, त्याने तीही हाकलली नाही.

"आई," हर्षिता कुजबुजली. शाळेत मॅडम म्हणायचं हे ती विसरली होती. "फूल त्याच्या आवाजानं उघडलं?"

"तसंच दिसतंय गं."

त्या रात्री पोळ्या लाटताना सोनिका तो आवाज घशातल्या घशात काढून बघत होती. शांताताई म्हणाल्या, "काय गं, बरं नाही का?"

दिवाळीच्या आधी फळं धरली. हिरव्या टोपीखालून जांभळं बोट डोकावायचं, रोज थोडं खाली उतरायचं. सुटीत सोनिका हर्षिताला घेऊन पाणी घालायला जायची. रिकाम्या शाळेत, कोवळ्या उन्हात ती वांगी अशी चमकायची की हर्षिता त्यांत आपलं तोंड बघायची.

सुटी संपल्यावर पोरं अडून बसली. "मॅडम, तोडू या ना!"

"आत्ता नाही. बालमेळ्याला सगळी एकदम काढायची. ढीग दिसला पाहिजे."

"तब तक तो बूढ़े हो जाएँगे," यशश्री म्हणाली.

"वांगं कधी म्हातारं होतं का?" सोनिका हसली, आणि पोरंही हसली.

ती असं म्हणाली, कारण तिने म्हातारं वांगं बघितलेलंच नव्हतं. इथली मराठी घरं सगळी खंडोबाची. शिंदे सरकारच्या फौजेबरोबर दख्खनेतून ज्यांचे पूर्वज इकडे आले, त्यांनी भाले ठेवले, घोडे विकले, नोकऱ्या-दुकानं धरली, पण देव सोडला नाही. आषाढापासून वांगेसटीपर्यंत घरात वांगं शिजत नाही. मार्गशीर्षातली ती षष्ठी आली की तळी उचलायची, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वांगं तोंडात घालायचं. माहेरी तसंच, सासरी तसंच. भाजीवाल्याच्या ठेल्यावरून चार-पाच महिने तिची नजर वांग्यांवर न थांबता पुढे जायची. जे दिवस वांग्याचे, नेमके त्याच दिवसांत तिने वांग्याकडे जन्मात पाहिलं नव्हतं. शामला मॅडमच्या घरीही चातुर्मास पाळत, त्यामुळे त्यांनाही तेच ठीक वाटलं. आणि यंदा बालमेळा आला होता वांगेसटीच्या आदल्या दिवशी. सोनिकाच्या मनात होतं, बालमेळ्याची पानं भरतील, उरलेल्यांतली पाच देवापुढे जातील. तिने लावलेली, पोरांनी पाणी घातलेली. आपल्या हातचा पहिला नैवेद्य.

कार्तिकात वांगी बुडाशी फिकी पडायला लागली.

थंडी बाधली असेल, असं तिला वाटलं. तिने राख टाकली. तंबाखूचं पाणी शिंपडलं. एका कॅनच्या जागी दोन कॅन ओतल्या. जांभळा रंग बुडापासून वर सरकत विरत गेला, खाली पिवळट, मग पितळेसारखा. आणि फुलं यायची थांबली. झाडं हिरवीगार, पण एक कळी नाही. ती सकाळी सकाळी वाफ्यापाशी उकिडवी बसून पानं उलटून बघायची, कीड शोधायची. कीड नव्हती.

घरी कुणाला विचारणार? वांगेसट होईपर्यंत शांताताई घरात वांग्याचं नावही काढू देत नसत.

"ते कसं आहे तुझं?" जेवताना अंशुलने विचारलं.

"पिवळं पडलंय ते."

"ते म्हणजे कोण?" शांताताईंनी ताटातून मान वर केली.

"कुणी नाही आई."

"कुणी नाही तर पिवळं कसं पडलं? पोरगं आहे का कुणाचं? डॉक्टरकडे न्यायला सांग." अंशुलला ठसका लागला.

बालमेळ्याच्या दिवशी धुकं उशिरा उठलं. पालक स्वेटर-शाली घालून पटांगणात बसले होते. शाळेत झाडलोट करणाऱ्या उषाताईंनी विटांची चूल मांडली होती आणि निखारे तयार केले होते. पोरांनी वांगी काढली. देठ इतके जून झाले होते की हाताने तुटेनात, विळ्याने कापावे लागले. टोपली भरली. सगळी पिवळी, एखाद-दुसरं तपकिरी, कातडं सुकलेलं.

उषाताईंनी पहिलं वांगं निखाऱ्यावर ठेवलं. ते मऊ पडेना. साल काळी झाली, फुटली, आतून गर निघायच्या ऐवजी कोरडं काहीतरी फसकन बाहेर आलं. उषाताईंनी बोटभर चाखलं आणि लगेच तोंड वळवून थुंकल्या.

"कडू जहर आहे गं बाई. हे वाढू नकोस कुणाला."

दिग्विजयसिंह पुढच्या खुर्चीवरून उठून आले. टोपलीकडे पाहिलं. "शामला मॅडम, ही पितळेची वांगी कुठून मागवली?"

काही पालक हसले. सोनिकाचे कान तापले. पोरं टोपलीकडे बघत नव्हती. ती तिच्याकडे बघत होती. तिच्या मनात आलं, जमीन उकरून आपण जिथून सुरुवात केली त्या मातीत जावं. पण हातात विळा होता आणि समोर पोरं होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मुलं कधीपासून म्हणत होती तोडा. मी थांबवलं. आमच्याकडे वांगेसटीआधी... मला वाटलं, झाडावर राहतील तशीच."

दिग्विजयसिंहांनी घसा साफ केला. "वांगेसट आमच्याकडेही उद्याच." मग जरा थांबून, खरोखरच न कळून, त्यांनी विचारलं, "पण मग उद्या बाजारात कोवळी मिळतात ती?"

"बाकी लोग रोज तोड़ते हैं ना, अंकल," यशश्री म्हणाली. "इसीलिए नए आते हैं. आपणच फक्त नाही तोडली."

आता हसू सगळीकडून आलं. दिग्विजयसिंहांची मिशीही हलली. पण हसून पान भरत नव्हतं. अंशुल स्कूटर घेऊन बटाटे आणायला निघाला, आणि सोनिकाने टोपली उचलली. गल्लीतल्या गाईपुढे टाकावी म्हणून ती फाटकाशी गेली. एवढी अख्खी कशी टाकायची म्हणून तिने विळ्याने एक वांगं उभं चिरलं.

आणि तिचा हात तिथेच थांबला.

आत गर नव्हताच. नुसत्या बिया. चपट्या, सोनेरी, एकीला एक चिकटून बसलेल्या, रांगांमागे रांगा, तिळाएवढीही जागा रिकामी नाही. कोवळ्या वांग्यात तिने बिया हजारदा पाहिल्या होत्या, पांढऱ्या, नावाच्या. या तशा नव्हत्या. या कठीण होत्या, तयार होत्या. मुळांनी अंधारातून ओढलेलं, पानांनी उन्हातून घेतलेलं, तिने कॅनमधून ओतलेलं सगळं झाडाने इथे आणून ठेवलं होतं. फुलं का थांबली ते तिला आत्ता कळलं. झाड आजारी नव्हतं. त्याचं काम झालं होतं.

"आई, दाखव," हर्षिता आली. तिच्यामागे यशश्री आली, आणि मग सगळी पोरं. कुणी ते ढिगाऱ्याचं तसलं आणलं, कुणी पाणी ओतलं. उषाताई चुलीपासून ओरडल्या, "चुरगाळा पाण्यात! भरल्या असतील त्या बुडतील, पोकळ वर येतील." पोरांनी बाह्या वर सरकवल्या आणि हात घातले. पाणी गार होतं, बोटं लाल झाली. गर वर तरंगला, हलकी फोलं वर तरंगली, आणि चांगल्या बिया बोटांच्या फटींतून निसटून सावकाश, गिरक्या घेत खाली गेल्या. तसल्याच्या बुडाशी सोनेरी थर बसला. एकच वांगं होतं ते. मग दुसरं चिरलं. थर वाढला. एका पोराने मोजायला सुरुवात केली, थोडा वेळ मोजलं आणि सोडून दिलं.

"इतने सारे," यशश्री हळू म्हणाली. तिचा फटकळपणा कुठे गेला होता कोण जाणे. "मैडम, एक बीज में एक पूरा पेड़?"

"हो."

"और उस पेड़ में फिर से इतने?"

सोनिकाने नुसती मान हलवली. शामला मॅडम शालीचा पदर खोचून पोरांच्या मागे उभ्या होत्या. शिकवायला काही शिल्लक नव्हतं. पालक खुर्च्या सोडून आले. दिग्विजयसिंहांनी चष्मा शोधला, सापडला नाही, तेव्हा त्यांनी एक ओली बी अंगठ्याच्या नखावर घेतली आणि हात लांब करकरून ती बघत राहिले. गल्लीत ई-रिक्शांचे भोंगे वाजत होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी ती बी जपून परत तसल्यात सोडली.

"पानं काही भरली नाहीत, मॅडम," ते म्हणाले. आवाजात चढ नव्हता. "आणि त्या पोराचं कोपर मी विसरू शकत नाही. व्हॅन आत घ्याव्याच लागतील."

शामला मॅडमनी खोचलेला पदर सोडला. शब्द त्यांनीच दिला होता.

"भिंतीकडेची पट्टी," दिग्विजयसिंह फाटकाकडे चालता चालता थांबले. त्यांनी पावलांनी अंदाज घेतला, एक बाज मावेल एवढ्या जागेचा. "फरशीवाल्याला सांगतो, एवढी सोडायची. एवढ्यात काय होईल ते करा." आणि ते बटाट्याची भाजी जेवायला बसले. दोनदा मागून घेतली.

ती बातमी घेऊन सोनिका दुपारी घरी आली. शांताताई उद्यासाठी बाजरी निवडत होत्या. तिने सगळं सांगितलं, आज वांग्याचं नाव घेऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला वाटलं, आपण पाळतो म्हणून झाडंही पाळतील," त्या म्हणाल्या आणि गदगदून हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या. "इतकी वर्षं मलाही कुठे माहीत होतं गं. आण इकडे. बघू तरी कशा दिसतात त्या."

सोनिकाने फडक्याची गाठ सोडली. पोरांनी थोड्या थोड्या बिया घरी नेल्या होत्या, चिमटीत, रुमालात, डब्याच्या झाकणात, तरी एवढ्या उरल्या होत्या. गच्चीवर कलत्या उन्हात जुनं धोतर पसरून ती त्या सुकवायला बसली. बोटाने एकेक वेगळी करायची. हर्षिता पालथी पडून बघत होती, हनुवटी हातांवर. ओल्या बिया सुकता सुकता फिक्या व्हायला लागल्या होत्या, जराशा फुंकरीनेही हलत होत्या.

"आई, पट्टीत किती रोपं लागतील?"

"थोडीच. दोन रोपांत हातभर जागा ठेवावी लागते."

"मग कुठल्या बिया लावायच्या?"

"मुठीत येतील त्या."

हर्षिताने मूठ भरली, उघडली. तळव्यावर चिकटलेल्या बियांकडे पाहिलं, मग धोतरभर पसरलेल्या बाकीच्यांकडे. दोन्हींत काहीच फरक नव्हता. बराच वेळ ती एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. मग उठून आईच्या अगदी जवळ आली आणि बियांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारलं,

"आई, ज्या मुठीत नाही आल्या, त्यांच्या आतली झाडं आता कुठं जाणार?"